लाल कॅलिपर नंतर, आधी ब्रेक ऑइल

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला नेरुळहून भाच्याचा फोन. "मामा, चार पिस्टनचा ब्रेक किट बघितलाय, लाल कॅलिपर, जाम भारी दिसतो, घेऊ का?" (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, आणि कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोराने तिच्यावर पॅड दाबणारा चिमटा.) त्याने सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतलीय आणि मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे ठरवलाय. ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून आपलीच गाडी बंद ट्रॅकवर हवी तशी पळवायची, शर्यत नसते, बक्षीस नसतं, पोलीस मामा पण नसतो. किटचा आकडा ऐकून मी म्हटलं रविवारी गाडी घेऊन ठाण्याला ये, चहा पिऊ, मग बघू.

त्याला जे दोन तास समजावलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला तो एकटाच विचारत नाही. ठाणे-नवी मुंबईत काही ट्रॅक नाही, त्यामुळे आपली पोरं तीच गाडी चालवत पुणे, कोल्हापूर, हुबळी करत हजार-बाराशे किलोमीटर लांब जातात, दिवसभर तिला पिळून काढतात आणि त्याच गाडीने परत येऊन सोमवारी ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये उभी असतात. ब्रेक निवडताना हे सगळं डोक्यात ठेवायचं, नुसता ट्रॅक नाही.

ब्रेक नेमकं काय करतो

बोरघाट उतरताना ट्रकच्या चाकातून येणारा तो करपट वास सगळ्यांनी घेतलाय. तो वास म्हणजे ब्रेकचं खरं काम. धावत्या गाडीतली ऊर्जा कुठे गायब होत नाही, पॅड डिस्कवर घासला जातो, तिची उष्णता होते आणि ती उष्णता डिस्क हवेत सोडते. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं मशीन, बस.

आता गंमत अशी की स्पीड दुप्पट झाला की ही ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. गाडी आणि आत दोन माणसं मिळून १३०० किलो धरा. १५० वरून ६० वर आणायचं तर ब्रेकला साधारण ९५० किलोजूल गिळावे लागतात. किलोजूल कोणाला कळतंय, स्वयंपाकघरात या, एवढ्या उष्णतेत तीन लिटरच्या वर साधं पाणी उकळीला येतं. घरच्या २००० वॉटच्या इंडक्शनला त्यासाठी आठेक मिनिटं लागतील, ट्रॅकवर तेच काम तीन-साडेतीन सेकंदांत होतं, आणि पाठोपाठ पुढचा कॉर्नर येतो आणि परत थोडंफार तेच. कापूरबावडीच्या सिग्नलला ४० वरून थांबताना जेवढी उष्णता होते त्याच्या जवळपास बारापट, आणि सिग्नलला निदान मधे दोन मिनिटं गार व्हायला तरी मिळतात.

ब्रेकिंगचा बहुतेक भार पुढच्या चाकांवर येतो, सत्तर टक्के धरून चाला, कारण ब्रेक मारला की गाडी नाक खाली करते आणि वजन पुढे सरकतं. पुढची एक डिस्क पाच किलोची धरली तर असा एक दमदार ब्रेक तिला सव्वाशे-दीडशे डिग्री वर नेतो. एकदा मारला तर काही नाही. पण ती गार व्हायच्या आत परत मारला, परत मारला, की चार-पाच लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्यांमध्ये, कुठे पोचते बघा.

डिस्क बिडाची असते, आपल्या डोशाच्या बिडाच्या तव्यासारखी. जाड तवा हळू तापतो, पातळ तवा पटकन. मोठ्या डिस्कचा खरा फायदा हा एवढाच, जाड तवा.

मग मोठ्या ब्रेकने गाडी लवकर थांबत नाही?

इथे भाचा अडला, आणि बहुतेक लोक इथेच अडतात.

गाडीला थांबवणारी पकड शेवटी टायर आणि रस्ता यांच्यात असते. तुमच्या आत्ताच्या गाडीत ८० वर जोरात ब्रेक मारला आणि पायाखाली एबीएसची कटकट जाणवली, तर त्याचा अर्थ ब्रेकने टायरची सगळी पकड वापरून झालीय, आणखी जोर लावला तर चाक लॉक होईल म्हणून कॉम्प्युटर प्रेशर सोडतोय. तिथे दुप्पट मोठा कॅलिपर लावला तरी टायर तोच, पकड तीच. कपाट हलवायला दहा जण आले पण फरशीवर सगळ्यांच्या चपला सरकतायत, तर अकरावा बोलवून काय होणार, चपला बदला.

म्हणून पहिला ब्रेक एकदम गार असताना मारला तर कंपनीचा ब्रेक आणि महागडा किट यांच्यात थांबण्याच्या अंतराचा फरक नगण्य असतो. फरक दिसतो सातव्या-आठव्या ब्रेकला, जेव्हा एक तापून हात टेकतो आणि दुसरा टिकून राहतो. आता चांगले टायर घ्या म्हटलं की लोकांना वाटतं मी विषय बदलतोय, पण थांबण्याचं अंतर कमी करायचं असेल तर पहिला खर्च तिकडेच. फक्त एक ध्यानात ठेवा, चिकट टायर लावले की तुम्ही कॉर्नरमधून जास्त स्पीडने बाहेर पडता, स्ट्रेटच्या, म्हणजे ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या, शेवटी जास्त वेगात पोचता, आणि ब्रेक अजून तापतात. एक बदललं की दुसरं हलतं.

पेडल खाली जातं तेव्हा

माझ्या पहिल्या ट्रॅक डेची गोष्ट सांगतो. कारीवरच, दुसरं सेशन, पाचवा लॅप. मेन स्ट्रेटच्या शेवटी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय गेला तो जवळजवळ फ्लोअरपर्यंत, लोण्यात सुरी जावी तसा. दोनदा पंप केलं तेव्हा थोडं प्रेशर आलं, गिअर पाडले आणि बाहेरच्या गवतात चाकं घालून कसाबसा थांबलो. गाडीला काही झालं नाही, मला मात्र पुढचा अर्धा तास पाणी पण गिळवत नव्हतं. जायच्या आधी ठाण्यातल्या एका गॅरेजला ब्रेक ऑइल बदलायला सांगितलं होतं, बिलात पण लिहिलं होतं. नंतर उघडून बघितलं तर कॅलिपरमधून काळपट चहासारखं ऑइल निघालं. पठ्ठ्याने वरच्या बाटलीतलं काढून नवीन ओतलं होतं, झालं.

हे का चालत नाही ते बघा. इंजिन ऑइल किंवा कूलंट गाडीत फिरत राहतं, ब्रेक ऑइल फिरत नाही. पेडल दाबलं की किंचित पुढे, सोडलं की किंचित मागे. कॅलिपरमधलं ऑइल, जे सगळ्यात जास्त तापतं, ते वर्षानुवर्षं तिथेच बसून असतं. बाटलीत नवं ओतून खालचं नवं होत नाही, चारही चाकांवरचे निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायची छोटी तोंडं, उघडून जुनं पूर्ण बाहेर काढावं लागतं आणि हवेचा एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नसतो. याला ब्लीडिंग म्हणतात आणि ते समोर उभं राहून करून घ्यायचं, मेस्त्रीला राग आला तरी चालेल.

दुसरी भानगड ओलाव्याची. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं, पावसाळ्यात मिठाचा डबा नीट लावला नाही तर मिठाला पाणी सुटतं ना, तसंच, फक्त इथे डोळ्यांना दिसत नाही. ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना चार महिने हवाच पिळून काढावी अशी असते, त्यामुळे आपल्याकडे हा मुद्दा कोरड्या गावांपेक्षा जास्त मनावर घ्यायचा. आणि ऑइलमध्ये पाणी गेलं की उकळायचं तापमान धाडकन खाली येतं. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ लिहिलेलं असतं तो याचाच दर्जा. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ डिग्रीला उकळायला हवं, ओलं झाल्यावर १४०. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. ओलं म्हणजे ३.७ टक्के पाणी मिसळलेलं, इतकंसंच.

ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला तर दबत नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, पण वाफ दबते. पाण्याने गच्च भरलेली बाटली दाबा आणि अर्धी हवा भरलेली दाबा, फरक हातालाच कळेल. तुमचा पाय फ्लोअरला टेकतो आणि सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो.

या ब्रेक मंदावण्याला फेड म्हणतात आणि तो दोन प्रकारचा असतो, ओळखायला सोपा. पेडल मऊ पडून खाली गेलं तर ऑइल उकळलं. पेडल दगडासारखं कडक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय पण गाडी थांबायचं नाव घेत नाही, तर पॅड करपले. पहिला जास्त भयानक कारण तो एका ब्रेकमध्ये येतो, दुसरा जरा चाहूल देऊन येतो.

तेव्हा ट्रॅकवर जाणाऱ्याचा पहिला खर्च म्हणजे चांगलं ताजं ऑइल. रेसिंगची म्हणून मिळतात ती ताजी असताना ३०० डिग्रीच्या वर उकळतात. महाग असतात, साध्यापेक्षा कितीतरी, पण किटच्या किमतीपुढे तो खर्च चहापाण्याचा. फक्त ती टाकून विसरायची नाहीत, रोजच्या गाडीला कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, ट्रॅकवाल्याने दर ट्रॅक डेच्या आधी बदललं तर उत्तम. आणि एक सापळा आहे, डॉट ५ आणि डॉट ५.१ ही भावंडं नाहीत. ५.१ हे ४ च्याच जातीचं. नुसतं ५ म्हणजे सिलिकॉनचं, ते तुमच्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत त्याचं काही काम नाही. आकडा मोठा म्हणून उचलू नका.

पॅड: गार असताना कसा वागतो ते विचारा

दुसरा खर्च पॅड. कंपनीचे पॅड शांत असतात, धूळ कमी टाकतात, सकाळी पहिल्या ब्रेकला पकडतात, पण साधारण साडेतीनशे-चारशे डिग्रीच्या पुढे त्यांचा दम जातो. पक्के रेसिंगचे पॅड याच्या उलट, सहाशेच्या आसपासही खुशाल, पण गार असताना ओढ कमी, कारण ते मुळात तापूनच काम करायला बनवलेत.

आता सांगा, घोडबंदर रोडला गायमुखपासून माजिवड्यापर्यंत संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना ब्रेक कधी तापणार आहेत? कधीच नाही. वरून पाऊस. रेसिंगचे पॅड घालून तिथे समोर अचानक रिक्षा आडवी आली तर तुम्हाला पॅड तापायची वाट बघायला वेळ नाही. शिवाय ते किंचाळतात, सोसायटीच्या गेटवर वॉचमनला आवाजावरून कळतं कोण आलं, आणि डिस्क पण लवकर खातात.

मधला मार्ग म्हणजे ज्यांना रोड-कम-ट्रॅक किंवा फास्ट रोड पॅड म्हणतात ते. ट्रॅकवर रेसिंगपेक्षा थोडे कमी, पण गार असताना शहाण्यासारखे वागतात. नवख्या माणसाला, पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनला, हे पुरे होतात, माझं हे ठाम मत आहे. दुसरा मार्ग म्हणजे ट्रॅकचे पॅड डिकीत घेऊन जायचं, तिथे बदलायचे, परत निघताना रोडचे लावायचे, अर्धा-पाऊण तासाचं काम आहे पण प्रत्येक वेळी डिस्कशी नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

पॅडच्या कडेला एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं असतात. पहिलं साधारण तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची, आणि अक्षर जितकं पुढचं तितकी पकड जास्त. पण ही चाचणी ट्रॅकच्या तापमानापर्यंत जात नाही, म्हणून जीजी दिसलं म्हणजे ट्रॅकला चालेल असं समजू नका. तसंच "सिरॅमिक" या शब्दाला भुलू नका, रोडचे सिरॅमिक पॅड हे बहुतेक धूळ आणि आवाज कमी करायला असतात, सुपरकारच्या सिरॅमिक डिस्कशी त्यांचं नातं फक्त नावापुरतं.

नवे पॅड लावले की बिडाचा नवा तवा कसा तेल लावून तापवून तयार करतो, नाहीतर पहिला डोसा चिकटतो, तसंच पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवावे लागतात. ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा, हळूहळू जोर वाढवत, पूर्ण न थांबता, आणि मग बराच वेळ ब्रेक फारसे न वापरता गाडी गार करायची. यातून पॅडच्या मालाचा पातळ थर डिस्कवर सारखा पसरतो. रविवारी पहाटे एमआयडीसीतला रिकामा रस्ता, मागे कोणी नाही याची खात्री करून. भाचा लगेच म्हणाला "पाम बीचवर करतो ना रात्री." म्हटलं तिथे गेलास तर आधी ताईला फोन करीन.

"पण सरळ मोठा किटच लावला तर प्रश्नच मिटला ना?"

मिटत नाही, बदलतो. शाळेत दोन सिरिंज नळीने जोडून पाणी ढकलायचा खेळ केलाय का? छोट्या सिरिंजने मोठी ढकलली तर जोर कमी लागतो पण छोटीचा दांडा खूप आत जातो. तुमचं पेडल म्हणजे छोटी सिरिंज. कॅलिपरचे पिस्टन हिशोबापेक्षा मोठे झाले की पेडल लांब जातं आणि मऊ वाटतं, आणि माणूस लाख रुपये मोजून म्हणतो अरे हा तर स्पंजी झाला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी. कंपनीने ती गाडीच्या वजनाप्रमाणे, एबीएसच्या प्रोग्रॅमसकट बसवलेली असते. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना मागे डिस्क नसते, ड्रम ब्रेक असतात. पुढे राक्षसी ब्रेक लावले की पुढची चाकं लवकर पकडतात, एबीएस लवकर सुरू होतं आणि मागची चाकं आपला वाटा पूर्ण न उचलता नुसती फिरतात. थांबायचं अंतर वाढू सुद्धा शकतं, पैसे देऊन. चांगले किट बनवणारे तुमच्या मॉडेलचा हिशोब करून पिस्टन ठरवतात, पण "सगळ्या गाड्यांना बसतो" म्हणून मिळणारा किट याच कारणासाठी घेऊ नये.

आणि एक साधी गोष्ट जी कोणी सांगत नाही: मोठा कॅलिपर छोट्या रिममध्ये मावत नाही, मग नवी चाकं आली. स्टेपनी तर बसतच नाही. कोइम्बतूरच्या वाटेवर कुठेतरी चित्रदुर्गच्या पुढे पुढचं चाक पंक्चर झालं, स्टेपनी काढली आणि ती कॅलिपरला अडली, आता काय करणार, टो व्हॅनची वाट बघत बसणार.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण वारंवार तापण्या-गार होण्यात त्या भोकांच्या कडेपासून तडे जायची शक्यता जास्त. खाचा मारलेल्या त्या मानाने बऱ्या. खरं सांगू तर कंपनीच्याच साइझच्या नव्या, जाड, साध्या डिस्क सगळ्यात शहाणपणाच्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, झिजून तिच्या जवळ आलेली डिस्क म्हणजे पातळ झालेला तवा, ट्रॅकला जायच्या आधी मोजून घ्या.

किट कधी लागतो मग? चांगलं ऑइल झालं, पॅड झाले, टायर झाले, तुमचा हात बसला, इंजिनची ताकद वाढवलीत किंवा गाडीच जड आहे, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारखा एकूण पाच किलोमीटरचा, लांब स्ट्रेट असलेला ट्रॅक आहे, आणि तरीही ब्रेक तापून हात टेकतायत, तेव्हा. तोपर्यंत नाही.

स्टीलच्या होज, हवेचे पाइप वगैरे

होज म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणारी नळी. स्टीलची जाळी असलेल्या होजने पेडल थोडं कडक वाटतं, थांबायचं अंतर काही कमी होत नाही. होज दहा वर्षं जुन्या असतील तर नव्या रबरच्याही चालतील. डिस्कवर हवा आणणारे पाइप खरंच उपयोगी, पण आपल्या खड्ड्यांत आणि तुंबलेल्या पाण्यात टिकत नाहीत, ट्रॅकपुरते लावून काढता आले तर बघा.

आरटीओ, इन्शुरन्स

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेली कंपनीची मूळ माहिती बदलेल असा फेरफार करायचा नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कडकपणे वाचलं. पॅड आणि ऑइल ही झिजणारी, बदलायचीच वस्तू, तिथे कोणी अडवत नाही. मोठा किट आणि मोठी चाकं लावताना वॉरंटी आणि क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो हे धरून चाला. इन्शुरन्सचे कागद काढून वापराच्या मर्यादा वाचा, संघटित रेसिंग, स्पीड टेस्टिंग असे शब्द सापडतील. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपल्याच खिशातून असं समजूनच जायचं.

त्या दिवशी काय करायचं

शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता फिरा, वाऱ्याने सगळं गार होऊ द्या. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत, आलात की हँडब्रेक ओढू नका आणि पेडलवर पाय ठेवून उभे राहू नका, गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा. तापलेला पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून राहिला तर तिथे त्याचा डाग बसतो आणि मग परतीच्या रस्त्यावर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकली, बहुतेक वेळा वाकलेली नसते, डाग बसलेला असतो. पेडल जरा जरी मऊ लागलं तर सेशन तिथेच सोडा, "अजून एक लॅप" नाही. आणि घरी निघायच्या आधी पॅडची जाडी बघा, अजून हजार किलोमीटर जायचंय.

भाच्याने शेवटी ऑइल, पुढचे फास्ट रोड पॅड आणि नव्या साध्या डिस्क एवढंच केलं. ब्लीडिंग आमच्या बिल्डिंगखाली केलं, मी निपल सोडत होतो, तो पेडल दाबत होता, "दाब, धर, सोड" असं तासभर, येणारेजाणारे बघत होते. तो परवा जाऊन आला, पेडल शेवटपर्यंत जागेवर होतं म्हणाला, एकदा स्पिन झाला ते त्याने ताईला सांगितलेलं नाही. काल परत फोन, "मामा, आहे त्याच कॅलिपरला लाल रंग मारला तर चालेल का?" म्हटलं मार, फक्त उष्णतेला टिकणारा घे आणि डिस्कवर सांडू नकोस.